वाचक विचारतात : संकटातली मुलं, त्यांची मोजमापं आणि माहितीची देवघेव

दुष्काळ, पूर, ऊसतोडीचं स्थलांतर अशा काळात तुमच्या गावातल्या लेकरांची वाढ कोण मोजतं आणि त्या नोंदींचं पुढे काय होतं, असं आम्ही गेल्या अंकात विचारलं होतं. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून पत्रं आली. सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीनंतरची पत्रं त्यांत जास्त आहेत. सगळ्यांना जागा देता आली नाही; सारख्या प्रश्नांतला एकेक निवडला आहे. नावं मुद्दाम गाळली आहेत.

प्रश्न : मी केज तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. दसरा-दिवाळीला आमच्या वस्तीवरची निम्मी लेकरं आईबापासंगं कारखान्याला जातात, पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, परत येतात. जातानाचं आणि आल्यावरचं वजन माझ्या रजिस्टरात आहे. बहुतेकांचं वजन थोडं वाढलेलंच दिसतं. पर्यवेक्षिका मात्र म्हणतात, लेकरं घसरली. खरं काय धरायचं?

उत्तर : वजन वाढूनही लेकरू घसरू शकतं, त्यामुळे पर्यवेक्षिकांचं म्हणणं बरोबर असू शकतं. एक उदाहरण घ्या. दिवाळीला बरोबर २४ महिन्यांची असलेली मुलगी ९.६ किलो भरली. सहा महिन्यांनी ती ९.८ किलो आहे. रजिस्टरात दोनशे ग्रॅम वाढ. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात मुलींची वयानुसार कमी वजनाची रेषा, म्हणजे उणे दोन एसडी (प्रमाण विचलन), २४व्या महिन्याला ९.० किलोवर आहे आणि ३०व्या महिन्याला १०.० किलोवर. मुलगी गेली तेव्हा रेषेच्या वर होती, आली ती रेषेखाली. म्हणून किलोशी किलो ताडू नका. त्या त्या वयाच्या रेषेपासून मूल किती वर-खाली आहे ते ताडा. पोषण ट्रॅकर ॲपमधला किंवा कार्डावरचा वाढीचा आलेख हेच दाखवतो. दोन ठिपके जोडणारी रेघ छापील रेषांना समांतर जायला हवी. ती आडवी पडली की समजायचं.

आता हे दोन ठिपके खरे असायला हवेत. फरक दोन-चारशे ग्रॅमचा शोधायचा आणि काट्याचीच चूक तेवढी, असं झालं तर सगळी मेहनत पाण्यात. पाच लिटरचा एक कॅन पाण्याने काठोकाठ भरून झाकण घट्ट लावा. वैधमापन विभागाचा शिक्का असलेल्या दुकानातल्या काट्यावर त्याचं वजन करा आणि ते खडूने नाही, पक्क्या मार्करने कॅनवर लिहून ठेवा. मोजणीच्या दिवशी सकाळी आधी कॅन काट्यावर ठेवा आणि लिहिलेलंच वजन दिसतं का ते पाहा. लटकत्या काट्याला झोळी अडकवल्यानंतरच काटा शून्यावर आणायचा. जाताना आणि आल्यावर काटा एकच हवा. लेकराच्या अंगात एकच पातळ कपडा ठेवा. करदोटा राहू द्या, पण चांदीचे वाळे आणि तोरड्या काढून आईच्या हातात द्या. आई नको म्हणाली तर तशी नोंद करा आणि दुसऱ्या वेळीही ते असतील याची खात्री करा. वेळ शक्यतो सकाळची, जेवणाआधीची.

उंचीत गफलत वजनापेक्षा जास्त होते. दोन वर्षांखालचं मूल आडवं मोजायचं, दोनच्या वरचं उभं. उभं राहत नाही म्हणून मोठं मूल आडवं मोजलं, तर मापातून ०.७ सेंटीमीटर वजा करायचे. लहान मूल उभं मोजलं गेलं, तर तेवढेच मिळवायचे. आडवं मोजायला दोन माणसं लागतात. एकाने डोकं वरच्या फळीला टेकवून धरायचं, दुसऱ्याने गुडघे हलके दाबून तळपाय सरकत्या फळीला सपाट लावायचे. एकटीने मोजलं की गुडघा वाकलेला राहतो आणि लेकरू एक-दोन सेंटीमीटरने खुजं ठरतं. वेणी, आंबाडा सोडा. माप दोनदा घ्या. दोन्हींत अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर तिसऱ्यांदा घ्या.

दंडघेर सहा महिने ते पाच वर्षं या वयासाठी. डावा हात कोपरात काटकोनात वाकवा, खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्यावर पेनाने खूण करा. मग हात सैल सोडून पट्टी गुंडाळा. कातडी आवळून सुरकुती पडली तर पट्टी जास्त ओढली, खालून उजेड दिसला तर सैल. ११.५ सेंटीमीटरच्या आत आलं तर तीव्र कुपोषित, ११.५ ते १२.५च्या आत मध्यम. आणि एक गोष्ट कधीही चुकवू नका. दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठ्याने तीन सेकंद दाबून पाहा. दोन्हीकडे खळगा राहिला तर ती सूज आहे. सुजेचं पाणी वजनात भरतं, काटा मूल चांगलं असल्याचं सांगतो. असं लेकरू मोजमापाच्या रांगेतून काढून त्याच दिवशी दवाखान्यात पाठवायचं.

राहिलं वय. वय महिनाभर चुकलं तरी आलेखावरचा ठिपका सरकतो. जन्मदाखला किंवा माता-बाल संरक्षण कार्ड असेल तर प्रश्न नाही. नसेल तर आई म्हणते, ‘पोळ्याच्या चार दिवस आधी झाला.’ तिचं बरोबर असतं, आपण तारीख चुकतो. पोळा २०२२मध्ये २६ ऑगस्टला होता. २०२३मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे तो १४ सप्टेंबरला गेला आणि २०२४मध्ये २ सप्टेंबरला आला. म्हणून गेल्या पाच वर्षांचं पंचांग घेऊन दर वर्षाचं वेगळं घटना-कॅलेंडर करा. त्यात नागपंचमी, पोळा, गौरी, तुळजापूरचं नवरात्र, माळेगावची जत्रा, परळीची महाशिवरात्र, पैठणची नाथषष्ठी आणि तुमच्या गावचा उरूस प्रत्यक्ष तारखांसह लिहा. मोजणी झाल्यावर सगळी वयं एकदा ओळीने पाहा. १२, २४, ३६ महिन्यांवरच गर्दी झाली असेल, तर वयं विचारलेली नसून अंदाजाने टाकलेली आहेत.

शेवटचं, तुमच्या रजिस्टरात जे परत आलेच नाहीत त्यांची ओळ रिकामी सोडू नका. ‘आलं नाही’, ‘दुसऱ्या कारखान्यावर’, ‘आजीकडे दुसऱ्या गावी’ असं कारण लिहा. फक्त परत आलेल्या मुलांवरून स्थलांतराचा परिणाम काढला तर जी सगळ्यात हलाखीत आहेत ती हिशेबातूनच जातात. तसंच आजीजवळ राहिलेली आणि संगं गेलेली मुलं सरळ समोरासमोर ठेवू नका. अंगावर पिणारं लेकरू आई नेतेच, शाळेतलं मागे राहतं. दोन्ही गटांची वयंच वेगळी असतात.

प्रश्न : धाराशिव जिल्ह्यात पुरानंतर एका तालुक्यातल्या कुपोषणाचा अंदाज घ्यायचा आहे. किती मुलं मोजली म्हणजे पुरे?

उत्तर : रोडावलेल्या मुलांचं प्रमाण साधारण १५ टक्के असेल असं धरा आणि उत्तर पाच टक्के इकडे-तिकडे चालेल असं ठरवा. सरळ चिठ्ठ्या टाकून मुलं निवडली तर १९६ लागतात. तालुक्यात आपण तसं करत नाही, गावं निवडतो आणि गावातून मुलं. एका गावची मुलं एकमेकांसारखी असतात, म्हणून दीडपट करा : २९४. दहा टक्के घरी सापडणार नाहीत किंवा नको म्हणतील, त्यासाठी २९४ला ०.९ने भागा : ३२७. ही मुलं पाच-सहा मोठ्या गावांतून उचलण्यापेक्षा २५-३० गावांतून दहा-बारा अशी घ्या.

घराला कुलूप असेल तर शेजारचं मूल भरतीला घेऊ नका. संध्याकाळी परत जा. दिवसा कुलूप असलेली घरं मजुरांची असतात, आणि आपल्याला नेमकी तीच मुलं हवी असतात.

प्रश्न : मी नांदेडला समाजकार्याचं शिक्षण घेते. प्रबंधासाठी पूरग्रस्त गावांतल्या लहान मुलांचा बौद्धिक आणि भावनिक विकास तपासायचा आहे. इंग्रजीतली प्रश्नावली मराठीत करून वापरली, पण एका तांड्यावरची जवळपास सगळीच मुलं ‘मागे’ निघाली. काय चुकलं असेल?

उत्तर : आधी तांड्यावरची भाषा पाहा. घरात गोरबोली, म्हणजे बंजारा भाषा, बोलणाऱ्या दोन वर्षांच्या मुलाला मराठीत किती शब्द येतात हे मोजलं तर ते मागेच दिसेल. शब्द दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे असतात, आणि विचारणारी व्यक्ती त्या घरची भाषा बोलणारी हवी. दख्खनी बोलणाऱ्या घरांतही हेच. मग एकेक प्रश्न घेऊन बघा की त्यातली वस्तू त्या मुलाच्या आयुष्यात आहे का. ‘जिना चढतो का’ या प्रश्नाला एकमजली घरातली किंवा कोपीतली (ऊसतोड मजुरांच्या झोपडीतली) आई ‘नाही’ म्हणणार. त्या ‘नाही’चा पायाच्या ताकदीशी काही संबंध नाही. तिथे ओटा, बांध, बैलगाडीचं जू असं काही विचारावं लागतं. ‘एका पायावर उडी’ म्हटलं की आई विचारात पडते, ‘लंगडी घालतो का’ म्हटलं की लगेच उत्तर येतं.

पद्धत अशी ठेवा. भाषांतर एकीने करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसरीने ते उलट भाषांतरित करायचं, फरक पडलेले प्रश्न पुन्हा घडवायचे. मग दहा-बारा आयांना प्रत्येक प्रश्न विचारून झाल्यावर म्हणायचं, ‘तुम्हाला यात काय विचारलंय असं वाटलं?’ इथे निम्मे दोष सापडतात. त्यानंतर पंधरा-वीस मुलांना दोघींनी स्वतंत्रपणे गुण द्यायचे. दोघींचे गुण जुळत नसतील तर दोष मुलात नाही, प्रश्नात किंवा प्रशिक्षणात आहे. सासू किंवा नवरा समोर असताना आईला मुलाच्या वागण्याबद्दल विचारू नका. उत्तर आईचं न येता घराचं येतं.

साधन निवडताना वय पाहा. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२३मध्ये जीएसईडी हे साधन खुलं केलं. त्याचा एक भाग सांभाळणाऱ्याला विचारायचा आहे, दुसऱ्यात मुलाकडून प्रत्यक्ष कृती करून घ्यायच्या आहेत. २४ ते ५९ महिन्यांसाठी युनिसेफची वीस प्रश्नांची ईसीडीआय-२०३० आहे. पण ती एखाद्या समूहाचा अंदाज घेण्यासाठी आहे. तिच्या गुणांवरून ‘हे मूल मंद आहे’ असं कुणाच्या आईला सांगणं हा अन्याय आहे. एका मुलाचा निवाडा करायचा तर तो प्रशिक्षित माणसाचा प्रांत. अडीच वर्षांपर्यंतच्या भारतीय मुलांसाठी बडोद्यात विकसित झालेली डासी चाचणी आहे. तिच्यात हालचालींचे ६७ आणि बौद्धिक १६३ घटक आहेत. शंका आली तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे आणि तिथून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवा. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत दुरुस्त करून धरायचं, हे नवख्या अभ्यासकांकडून हमखास राहून जातं.

भावनिक बाजूसाठी पंचवीस प्रश्नांची एसडीक्यू ही प्रश्नावली दोन ते सतरा वयासाठी सर्रास वापरली जाते. तिचा नेहमीचा नमुना गेल्या सहा महिन्यांबद्दल विचारतो. पूर सप्टेंबरात आला आणि तुम्ही ऑक्टोबरात विचारलंत, तर उत्तरातले पाच महिने पुराआधीचे असतात. महिन्याभराबद्दल विचारणारा पाठपुराव्याचा नमुना वेगळा आहे, पण त्यासाठीही पुराआधीची नोंद असेल तरच तुलना होते. तिचे शब्द मनाने बदलायची परवानगी नाही, हेही ध्यानात ठेवा.

आणि घाई करू नका, ही आमची कळकळीची विनंती. पाणी ओसरल्यावर पहिल्या काही आठवड्यांत लेकरं दचकून उठतात, अंथरूण ओलं करतात, आईचा पदर सोडत नाहीत, ढग आले की रडतात. त्यांतल्या बहुतेकांचं हे हळूहळू निवळतं. त्या काळात घेतलेली नोंद कायमचं दुखणं म्हणून मांडली तर चुकीचं चित्र उभं राहतं. महिना उलटूनही झोप, खाणं, खेळणं रुळावर येत नसेल तर मात्र तज्ज्ञाची गरज आहे. ‘पुराचं चित्र काढ आणि काय झालं ते सांग’ असं अप्रशिक्षित स्वयंसेवकाने मुलाला सांगू नये. मूल आपण होऊन बोललं तर ऐकावं, खोदून विचारू नये.

प्रश्न : बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांच्या एका टोळीबरोबर अभ्यास करायचा आहे. मुकादमाने ‘खुशाल मोजा’ म्हणून परवानगी दिली आहे. एवढी पुरे का?

उत्तर : नाही. मुकादमाने तुम्हाला जागेवर येऊ दिलं, इतकाच त्याचा अर्थ. ज्याची उचल (आगाऊ रक्कम) डोक्यावर आहे त्याच्यासमोर ‘नको’ म्हणणं कोयत्याला, म्हणजे तोडणाऱ्या जोडप्याला, परवडत नाही, म्हणून संमती त्याच्या माघारी आणि प्रत्येक घरातून घ्यायची. संमती आई किंवा वडिलांची. मूल आजीकडे राहत असेल तर फोनवर आईबापांशी बोला, आजीची सही ही साक्ष. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार आणि बारा ते अठराच्या मुलाचा लेखी होकार पालकांच्या संमतीखेरीज लागतो. सातच्या आतलं मूल रडून अंग काढून घेत असेल तर तोही नकारच, थांबायचं. वाचता न येणाऱ्या पालकाचा अंगठा घेताना तुमच्या संस्थेबाहेरचा साक्षीदार ठेवा.

नकार दिला तर रेशन, धान्याचं किट, शाळा यांतलं काहीही तुटणार नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगा. किट वाटपाच्या रांगेत मोजमाप घेऊ नका. त्या रांगेत नकार शक्यच नसतो.

‘तुम्ही सांगाल ते कुणालाही कळणार नाही’ असं वचनही देऊ नका. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायदा, २०१२ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. संमतीपत्रातच लिहा की मुलाच्या जिवाला धोका दिसला तर आम्हाला कळवावं लागेल. १०९८ हा बालमदत क्रमांक प्रत्येक मोजणाऱ्याच्या वहीत हवा.

प्रश्न : आमची छोटी संस्था आहे. दहा-बारा वर्षांच्या वजन-उंचीच्या नोंदी वह्यांत आणि एक्सेलमध्ये आहेत. एका विद्यापीठाने त्या मागितल्या आहेत. द्यायची इच्छा आहे, पण आमच्या माणसांची माहिती बाहेर जाईल ही भीती आहे.

उत्तर : इच्छा असेल तर नक्की द्या. न दिलेली नोंद कपाटात सडते, आणि नवं पथक त्याच आईच्या दारात तेच प्रश्न घेऊन येतं. भीतीही रास्त आहे, पण तिच्यावर इलाज आहे.

आधी ओळख कशी फुटते ते समजून घ्या. नाव काढलं म्हणजे झालं, असं बहुतेकांना वाटतं. तुमच्या फायलीत एक ओळ अशी आहे असं समजा : मुलगी, तीन वर्षं चार महिने, जुळ्यांपैकी एक, वडील हयात नाहीत, अमुक वस्ती. नाव नाही, पण त्या गावच्या आठवडी बाजारात कुणालाही विचारा, मूल सापडेल. वडिलांचा मृत्यू कसा झाला हा रकाना शेजारी असेल तर तेही सगळ्यांना कळेल. मराठवाड्यात कितीतरी घरांसाठी तो रकाना फार जड आहे.

फाइलचे दोन भाग करा. पहिल्यात नाव, पत्ता, मोबाईल, आधार आणि एक सांकेतिक क्रमांक. दुसऱ्यात तोच क्रमांक आणि मोजमापं. क्रमांक चिठ्ठ्या टाकल्यासारखा बेहिशेबी हवा. आद्याक्षरं आणि जन्मतारीख जोडून केलेला क्रमांक म्हणजे नावच. पहिली फाइल तुमच्याच कुलपात राहते, ती कुणालाही द्यायची नाही.

दुसऱ्या फायलीत क्रम महत्त्वाचा आहे. आधी प्रत्येक मुलाचे झेड-स्कोअर, म्हणजे मूल तक्त्यातल्या मधल्या रेषेपासून किती एसडी वर-खाली आहे ते सांगणारे आकडे, काढून घ्या, त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं अँथ्रो हे मोफत सॉफ्टवेअर आहे. मगच जन्मतारीख काढून वयाचे सहा-सहा महिन्यांचे गट करा. उलट केलंत तर स्कोअर परत काढता येत नाहीत आणि फाइल निरुपयोगी होते. मोजणीच्या तारखेऐवजी ‘हंगामाआधी’ किंवा ‘हंगामानंतर’ आणि दोन मोजण्यांतले दिवस द्या. गावाच्या जागी तालुका. मग वयोगट, लिंग, तालुका आणि एखादी खास गोष्ट, जसं अपंगत्व किंवा पालक नसणं, यांची प्रत्येक जुळणी तपासा. कुठल्याही जुळणीत पाचपेक्षा कमी मुलं असतील तर गट मोठा करा किंवा तो रकाना गाळा. शेऱ्यांचा रकाना एकेक ओळ वाचून साफ करावा लागतो, कारण ‘सरपंचाच्या भावाची पोरगी’ असं तिथेच लिहिलेलं असतं. फोटो देऊ नका. मोबाईलच्या फोटोत काढल्या जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. नकाशासाठी जागा द्यावीच लागली तर ती मुद्दाम हलवून द्या. डीएचएस या अनेक देशांत होणाऱ्या लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणांत शहरी ठिकाणं दोन किलोमीटरपर्यंत, ग्रामीण पाच किलोमीटरपर्यंत आणि ग्रामीणपैकी एक टक्का दहा किलोमीटरपर्यंत सरकवून देतात.

माहिती सगळ्यात जास्त फुटते ती रजिस्टरच्या पानांचे फोटो कामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकल्याने. ते आजच बंद करा.

आता फाइल समोरच्याला वाचता यावी म्हणून. प्रत्येक रकान्याचा अर्थ एका वेगळ्या पानावर लिहा : एकक किलो की ग्रॅम, उंची आडवी की उभी, काटा कोणता, मोजलं कुणी. ‘मोजलं नाही’साठी ० किंवा ९९ वापरू नका. ९९ सेंटीमीटर ही खरी उंची असू शकते. रकाना रिकामा ठेवा आणि कारण शेजारी लिहा. शाळेचा अकरा अंकी यूडायस क्रमांक एक्सेलमध्ये मजकूर म्हणून साठवला नाही तर तो आखडून दिसू शकतो, आणि तशी फाइल सीएसव्ही म्हणून जतन झाली की शेवटचे अंक गेले. ०५-०८ ही तारीख एका संगणकावर पाच ऑगस्ट, दुसऱ्यावर आठ मे. वर्ष, महिना, दिवस तीन वेगळ्या रकान्यांत टाका. जुन्या फॉन्टमधली नावं नव्या संगणकावर चिन्हांची रांग होऊन उघडतात, ती युनिकोडमध्ये आणावी लागतात. २०२३च्या आधीच्या फायलींत उस्मानाबाद आणि औरंगाबाद आहे, नंतरच्यांत धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर. नावावरून जोडल्या तर दोन जिल्ह्यांचे चार होतात. गाव आणि जिल्हा नेहमी सरकारी कोड क्रमांकाने जोडा.

उंचीचा किंवा वजनाचा झेड-स्कोअर उणे सहाच्या खाली आला तर सॉफ्टवेअर तो अशक्य ठरवून बाजूला काढतं. गुपचूप पुसू नका. वही उघडा, बहुतेक वेळा ८७ चे ७८ झालेले असतात. वहीत तेच असेल तर त्या मुलाच्या घरी जाऊन या.

विद्यापीठाशी लेखी करार करा. कशासाठी वापरणार, किती काळ ठेवणार, आणखी कुणाला देणार नाहीत, मुलाची ओळख शोधण्याचा प्रयत्न करणार नाहीत, काम संपल्यावर फाइल नष्ट करतील आणि निष्कर्ष मराठीत दोन पानांत तुम्हाला देतील. नीतिमत्ता समितीचं पत्र मागा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ अठराच्या आतल्या प्रत्येकाला मूल मानतो आणि पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. संशोधन आणि सांख्यिकीला त्यात सवलत आहे, पण त्या माहितीवरून त्या व्यक्तीबाबत कोणताही निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवून दिलेले निकष पाळायचे, या अटींवर. म्हणून सेवा देण्याचं रजिस्टर आणि संशोधनाची प्रत या दोन वेगळ्या वस्तू ठेवा.

असं करून मुलांचं नुकसान न होता माहिती खुली करता येते. यंग लाइव्ह्ज हा अभ्यास २००२मध्ये चार देशांतल्या सुमारे १२,००० मुलांपासून सुरू झाला. भारतातली मुलं तेव्हाच्या आंध्र प्रदेशातली, म्हणजे आपल्या शेजारची. त्या अभ्यासातली ओळख काढलेली माहिती जगभरचे अभ्यासक वापरतात. तुमच्या भागात कुणाकडे ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतरच्या निवाऱ्यांतल्या मुलांच्या वह्या असतील, तर त्यांची पानं आधी स्कॅन करा आणि मूळ वह्या वाळवीपासून वाचवा. ती लेकरं आता स्वतः आईबाप आहेत. त्यांची माहिती वापरायची तर त्यांना शोधून विचारावं लागेल.

प्रश्न : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून आमच्या तालुक्याचा आकडा काढता येईल का? बातमीसाठी हवा आहे.

उत्तर : नाही. त्याचा नमुना जिल्ह्यापर्यंतच बोलतो. पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुजी निघाली. हा राज्याचा आकडा तालुक्याला चिकटवू नका, आणि २०१९-२१चा आकडा २०२५च्या पुरानंतरचा म्हणून तर अजिबात छापू नका. तालुक्यासाठी बालविकास प्रकल्प कार्यालयाकडचे महिनावार आकडे मागा. मागताना एकूण मुलं किती, त्यांतली मोजली किती, हेही विचारा.

प्रश्न : मी धारूर तालुक्यातला शेतकरी आहे. पोरगा-सून कारखान्याला जातात, दोन नातवंडं कधी आमच्याजवळ, कधी त्यांच्यासंगं. वर्षात तीनदा वेगवेगळ्या लोकांनी येऊन लेकरं मोजली, दंडाला पट्टी लावली, फोटो काढले. एकानेही लेकरू बरं आहे की नाही ते सांगितलं नाही. आम्ही काय करावं?

उत्तर : आजोबा, तुमची तक्रार अगदी खरी आहे. ज्याने मोजलं त्याने त्याच जागी तुम्हाला सांगायला हवं होतं, आणि तुम्ही ते मागू शकता. पुढच्या वेळी कुणी आलं की विचारा : तुम्ही कुणाकडून आलात, माप कशासाठी घेता, फोटो कुठे जाणार, लेकरू कमी भरलं तर तुम्ही काय करणार, आणि आम्ही नाही म्हटलं तर? उत्तर नीट मिळालं नाही तर मोजू देऊ नका. फोटोला वेगळं नाही म्हणता येतं.

मोजू दिलं तर अंगणवाडीचं माता-बाल संरक्षण कार्ड पुढे करा. तारीख, वजन, उंची आणि दंडघेर त्यांच्याकडून त्यावर लिहून घ्या. दंडघेर साडेअकराच्या आत असेल किंवा दोन्ही पायांवर सूज असेल तर थांबू नका. अंगणवाडी ताई किंवा आशाताईंना घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. भूक लागत असेल, ताप-जुलाब नसतील तर गावातल्या ग्राम बाल विकास केंद्रात आहार आणि देखरेख मिळते. लेकरू खात नसेल, सुस्त असेल, सूज असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करावं लागतं. तिथे आईने किंवा घरातल्या कुणी सोबत राहावं लागतं, तेव्हा तोडीवरच्या सुनेला आधी फोन करा.

टोळी निघायच्या आधी अंगणवाडी ताईंना सांगून पोषण ट्रॅकरमध्ये स्थलांतराची नोंद करून घ्या, म्हणजे कारखान्याजवळच्या अंगणवाडीत आहार मागता येतो. कार्डाचा फोटो पोराच्या आणि तुमच्या, दोन्ही मोबाईलमध्ये ठेवा. मूळ कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून सुनेजवळ द्या. कोपीत ते पाचटाखाली ठेवू नका, पहाटेच्या दवाने भिजतं. कपड्यांच्या पेटीत सगळ्यात वर ठेवायला सांगा.